पितळी वाद्यांचा खर्ज

आमच्या वाड्यावर संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एका घरातून ट्रम्पेटचा आवाज येऊ लागतो. गाण्याचा नव्हे, सुराचा. एकच स्वर दहा-बारा सेकंद येतो आणि थांबतो. तेवढाच वेळ शांतता असते. मग तोच स्वर किंवा त्याच्या खालचा अर्धा स्वर पुन्हा सुरू होतो. वाजवणारा मुलगा चौदा वर्षांचा आहे. रोज वीस मिनिटे एवढेच करायचे आणि मगच गाण्याला हात लावायचा, असा त्याच्या शिक्षकांचा दंडक आहे. शेजाऱ्यांची तक्रार आवाजाबद्दल नाही. फेस्ताच्या बँडवर वाढलेल्या गावाला आवाजाचे काय अप्रूप? हा पोरगा गाणे कधी वाजवणार, एवढेच त्यांचे म्हणणे. आरंभी मीही त्याच पक्षात होतो.

त्याच्या वडिलांशी एकदा बोलणे झाले आणि माझे मत बदलले. तेही पूर्वी ट्रम्पेट वाजवत. फेस्ते, लग्ने, अंत्ययात्रा असे त्यांचे वर्षभर चाले. बाविसाव्या वर्षी वरच्या सप्तकातली गाणी लीलया काढणाऱ्या त्यांच्या ओठांनी चाळिशीच्या आतच साथ सोडली. सूर लागेना, लागला तर टिकेना. वाद्य ओठांवर जितके दाबावे तितके दुखणे वाढे. आज ते त्याच बँडमध्ये मोठा ढोल वाजवतात. ‘आम्ही पहिल्या दिवसापासून गाणीच वाजवली,’ एवढेच ते म्हणाले. मुलाची ती वीस मिनिटे त्यानंतर मी निराळ्या कानाने ऐकू लागलो.

पाश्चात्त्य संगीतात या सरावाला ‘लाँग टोन’ म्हणतात; आपण त्याला दीर्घ स्वराचा रियाज म्हणू. एक स्वर घ्यायचा, तो स्थिर ठेवायचा आणि दम संपण्याआधी नीट मिटवायचा. सांगायला एवढाच, आणि म्हणूनच टाळायला फार सोपा. त्याचे मोल समजण्यासाठी पितळी वाद्य मुळात वाजते कसे, हे आधी पाहावे लागते.

सनईला पत्ती असते, क्लॅरिनेटला वेताची पातळ पट्टी असते. ट्रम्पेटला असे काहीच नसते. तेथे वादकाचे ओठच पत्तीचे काम करतात. मिटलेल्या ओठांतून हवा सुटते, ओठ थरथरतात आणि ती थरथर नळीतल्या हवेच्या स्तंभाला जागवते. नुसती फुंकर कितीही जोराची मारली तरी पितळेतून फुसफुसण्यापलीकडे काही निघत नाही. आपल्याकडची तुतारी, शिंग आणि कर्णा हीही याच तत्त्वावर वाजतात. घाट वेगळा, कुळी तीच. ट्रम्पेटची गुंडाळलेली नळी उलगडली तर सुमारे दीड मीटर भरते. ट्रॉम्बोनची साधारण तिच्या दुप्पट आणि मोठ्या ट्यूबाची चौपट असते. नळी दुप्पट झाली की सूर एक सप्तक खाली येतो.

नेहमीच्या ट्रम्पेटवर एकही कळ न दाबता सहज निघणारा सूर म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. तो खालच्या सप्तकात काढताना ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा थरथरतात. ओठांची ठेवण आणि हवेचा वेग बदलला की त्याच मोकळ्या नळीतून क्रमाने पंचम, वरचा षड्ज, त्यावरचा गंधार आणि पुन्हा पंचम असे स्वर निघत जातात. मधला ऋषभ किंवा मध्यम हवा असेल तर कळा दाबून नळीची लांबी वाढवावी लागते. गाण्याच्या बैठकीत बसलेल्या वाचकाला ही स्वरमाला ओळखीची वाटेल, आणि ती आहेच. सुरेल लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून कुणीही न छेडलेला जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच निसर्गनियमाने ट्रम्पेटच्या मोकळ्या नळीतला गंधार जन्मतो. पेटीच्या गंधारापेक्षा तो किंचित, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा, उतरलेला असतो. पेटीचा गंधार खरा की तानपुऱ्याचा, हा आपल्याकडे जुना वाद आहे. ट्रम्पेटवादकाला तो वाद परवडत नाही. साथीला पियानो असेल तर तोच गंधार ओठांनी उचलून घ्यावा लागतो आणि चार पितळी वाद्यांच्या मेळात असेल तर आहे तिथे ठेवावा लागतो.

कळांचीही एक गोम आहे. दुसरी कळ अर्धा स्वर उतरवते, पहिली एक स्वर आणि तिसरी दीड स्वर. हिशेबाने पहिली आणि तिसरी मिळून अडीच स्वर उतरायला हवेत; पण प्रत्येक कळेची जोडनळी मूळ नळीच्या मापाने केलेली असते. एक कळ दाबून नळी आधीच लांब झाली, की दुसऱ्या कळेची जोडनळी त्या वाढलेल्या लांबीला अपुरी पडते. परिणामी सूर चढा लागतो. म्हणून चांगल्या ट्रम्पेटला तिसऱ्या कळेच्या नळीवर एक कडी असते आणि वादक डाव्या हाताच्या अनामिकेने ती नळी वाजवता वाजवता पुढे सरकवतो. किती सरकवायची हे कुठेही कोरलेले नसते. ते कानाने ठरते.

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण असे, की पितळी वाद्य सूर तयार देत नाही. पेटीची पट्टी दाबली की स्वर ठरलेला असतो; ट्रम्पेटची कळ दाबली की स्वराचा केवळ परिसर ठरतो. त्या परिसरात नेमके कुठे उभे राहायचे, हे ओठ, श्वास आणि कान यांनी मिळून ठरवायचे असते. चालू गाण्यात स्वर अर्ध्या सेकंदात येतो आणि जातो. तो चढला की उतरला, फाटला की भरला, हे कानाला कळेपर्यंत पुढचा स्वर आलेला असतो. दीर्घ स्वरात मात्र स्वतःचे ऐकायला वेळ मिळतो. माझ्या समजुतीप्रमाणे या रियाजाचा खरा उपयोग हाच. ताकद वाढते, दम वाढतो, हे सारे खरे, पण ते मागाहून.

दहा सेकंदांच्या त्या स्वरात काय काय ऐकायचे असते? सर्वांत अवघड असतो तो आरंभ. जीभ ‘तू’ म्हटल्यासारखी मागे येते, हवा सुटते आणि त्याच क्षणी ओठ थरथरायला हवेत. ओठ तयार नसतील तर आधी नुसती हवा येते आणि सूर मागाहून लागतो. जीभ जास्त जोरात मारली तर स्वर फुटून बाहेर पडतो. नवशिक्याच्या दहा स्वरांतील सात असे फुटके असतात. आमच्या शेजारचा मुलगा पहिले दोन महिने बहुधा एवढेच करत होता आणि आम्हांला मात्र तो ‘एकच सूर’ वाजवतो असे वाटत होते.

मधला भाग स्थिरतेचा, आणि ही स्थिरता फसवी असते. छाती भरून श्वास घेतला की फुप्फुसे आणि बरगड्या ताणलेल्या असतात. फुगलेल्या फुग्यासारखी त्यांची ओढ आपसूकच हवा बाहेर ढकलते आणि सुरुवातीला तिला आवरून धरावे लागते. हवा कमी होत गेली की ही ओढ ओसरते आणि पोटाच्या व बरगड्यांच्या स्नायूंना उलट जोर लावावा लागतो. ऐकणाऱ्याला स्वर एकसारखा वाटतो. वाजवणाऱ्याचे शरीर मात्र क्षणोक्षणी आपले काम बदलत असते. ज्याला हा बदल अंगवळणी पडलेला नाही, त्याचा सूर आरंभी उसळतो आणि अखेरीस उतरतो. आपल्या संगीतात ज्याला ‘दमसास’ म्हणतात तो केवळ हवेच्या साठ्याचा प्रश्न नाही, हे येथे कळते. साठा मोठा असूनही सूर डळमळणारे वादक असतात. शिवाय ट्रम्पेटला हवा कमी पण दाबाची लागते, तर ट्यूबाला दाब कमी पण हवा पुष्कळ. त्यामुळे दोघांचे दीर्घ स्वर एकाच मापाने मोजू नयेत. ट्यूबावादकाचे सहा सेकंद ट्रम्पेटवाल्याच्या पंधरांइतके खर्चिक असू शकतात.

पुढची पायरी स्वर फुलवण्याची. हळू सुरू करायचा, हलके हलके वाढवायचा आणि तसाच मिटवत न्यायचा. इटालियन गायकीत हा सराव शतकानुशतके चालत आला आहे. पितळी वाद्यावर तो अधिक कठीण, कारण आवाज वाढला की स्वराचा रंगही बदलतो. त्यातले वरचे उपस्वर उजळतात आणि पितळेची ती ओळखीची झणझण येते. रंग बदलू द्यायचा, पण सूर जागचा हलू द्यायचा नाही. आणि शेवटी स्वर तोडायचा नसतो, विझू द्यायचा असतो.

आता ओठांविषयी. तोंडाभोवती गोलाकार फिरणारा जो स्नायू आहे, त्यावर या वाद्याचा सारा भार. माउथपीसची धातूची कडा ओठांवर टेकते. ती दाबली की तेथला रक्तपुरवठा कमी होतो. दमलेला वादक वरचा सूर काढण्यासाठी नेमके हेच करतो, म्हणजे वाद्य आणखी दाबतो. तेवढ्यापुरता सूर लागतो आणि ओठ मात्र अधिक लवकर जायबंदी होतात. लुई आर्मस्ट्राँगसारख्या अद्वितीय कलावंताच्या ओठांना इतकी इजा झाली होती, की १९३०च्या दशकाच्या मध्यास त्याला काही महिने ट्रम्पेट बाजूला ठेवावे लागले. ओठांभोवतीचा हा स्नायू फाटण्याच्या विकाराला पुढे त्याच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असे नाव पडले. दीर्घ स्वराचा रियाज हा यावरचा रामबाण उपाय आहे असा दावा कुणी करू नये. मात्र मृदू आवाजात, कमीत कमी दाबाने, मधल्या सप्तकात धरलेला स्वर ओठांना दाबाविना थरथरायला शिकवतो. वाद्य दाबून सूर काढायची सवय ज्याला लागलेली आहे, त्याचा मृदू दीर्घ स्वर ताबडतोब बंद पडतो. एका अर्थी ही तपासणीच आहे, आणि ती रोज होते.

आर्मस्ट्राँगचे नाव निघाले की गोमंतकीयाला आपल्या हळदोण्याचा अंतोनियो शाविएर वाझ आठवणारच. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला हा ट्रम्पेटवादक (१९१६–१९६७) भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला. सी. रामचंद्र यांच्या संगीतात त्याचा वाटा होता आणि १९५१च्या ‘अलबेला’मध्ये त्याचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हेही मुळात ट्रम्पेटवादक. कोकणी चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’मुळे राहिले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांना जी मागणी होती, तिचे एक कारण त्यांचे स्वरलिपीवाचन. पोर्तुगीज काळात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना आधी ‘सोल्फेज’ शिकवत. कागदावरचा स्वर ‘दो, रे, मी’ म्हणत तोंडाने गाता आल्यावाचून वाद्य हाती पडत नसे. या शिस्तीचा आणि दीर्घ स्वराचा जवळचा संबंध आहे. वाजवायचा स्वर आधी मनात नेमका ऐकू आला, तर ओठ त्याच्याकडे आपोआप जातात. मनात स्वर नसताना धरलेला लांब सूर म्हणजे अंधारात चाचपडणे.

येथवर वाचून कुणालाही आपला खर्ज आठवला असेल. पहाटे मंद्र षड्ज लावून बसणारा गायक आणि संध्याकाळी काळी पाच धरून बसणारा ट्रम्पेटवादक एकाच वाटेचे प्रवासी आहेत. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गोव्याला एका स्वराचे महत्त्व वेगळे पटवून द्यायला नको. पण तुलना एका मर्यादेपुढे ताणली तर घात होईल. गायक खर्जापासून सुरू करतो, कारण तेथे गळा सैल पडतो. ट्रम्पेट शिकणाऱ्याला अगदी खालच्या स्वरांत ओठ स्थिर ठेवणे अवघड जाते. म्हणून पितळी वाद्याचा सराव सहसा मधल्या, सहज निघणाऱ्या पंचमावरून सुरू होतो आणि तेथून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरतो. वर चढणे त्यानंतर. दुसरे असे, की गायक तासभर खर्ज लावू शकेल, पण ओठांचा तो लहानसा स्नायू तासभर एका जागी ताणणे म्हणजे त्याचा छळ आहे. आपल्याकडे रियाजाच्या गोष्टी तासांत मोजायची सवय असल्यामुळे हा मुद्दा मुद्दाम सांगितला.

शिक्षकांतही याविषयी एकमत नाही. १८६४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेली जाँ-बाप्तिस्त आर्बाँ यांची कॉर्नेटची शिक्षणपद्धती आजही जगभर वापरली जाते आणि तिचा आरंभ साध्या, धरून ठेवलेल्या स्वरांनी होतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे मॅक्स श्लॉसबर्ग यांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या सरावग्रंथातही दीर्घ स्वर अग्रस्थानी आहेत. कार्माइन करूसो हे स्वतः सॅक्सोफोनवादक, पण न्यूयॉर्कमधील पितळी वाद्यांचे मोठमोठे वादक त्यांच्याकडे शिकायला जात. त्यांचा भर पायाने ठेका धरून, ओठ माउथपीसवरून न उचलता, नाकाने श्वास घेत लांब स्वर वाजवण्यावर होता. उलट हर्बर्ट क्लार्क यांचे सराव स्थिर स्वरांचे नाहीत. लहान स्वरपंक्ती अत्यंत मृदू आवाजात, एकाच दमात, पुन्हा पुन्हा वाजवायची. म्हणजे दम दीर्घ, पण स्वर चालता. शिकागो सिंफनीत १९४४ ते १९८८ ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स यांनी स्नायूंकडे लक्ष देण्यापेक्षा मनातल्या गाण्याकडे आणि वाहत्या श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवले.

माझ्या दृष्टीने ही मंडळी परस्परविरोधी वाटली तरी एका शत्रूविरुद्ध एकत्र आहेत, आणि तो शत्रू म्हणजे यांत्रिकपणा. घड्याळाकडे पाहत, फोनवर बोट फिरवत धरलेला लांब स्वर निरुपयोगी असतो असे नव्हे, तो अपायकारक असतो. कारण शरीर जे पुन्हा पुन्हा करते ते शिकते. ओठांची चुकीची ठेवण वीस मिनिटे घोटली तर ती वीस मिनिटांनी अधिक पक्की होते. ‘लाँग टोन करून काही फायदा झाला नाही’ असे सांगणारे बरेच वादक भेटतात. त्यांनी ते केले असतील, ऐकले नसतील.

घरी सराव करणाऱ्यांसाठी एक देशी सोय सुचवावीशी वाटते. सूर मोजणारी ॲप्स आता प्रत्येक फोनवर आहेत, पण त्यांत एक खोट आहे. काटा डोळ्यांनी पाहायचा असतो, आणि कान तेवढा वेळ रजेवर जातो. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा त्याचे ॲप काळी पाचवर लावावे आणि त्याच्या षड्जात आपला मोकळ्या नळीचा सूर मिसळावा. दोन सूर अगदी जवळ असूनही एक नसतील तर आवाजात लाटा उठतात, ‘वाँव-वाँव’ असा हेलकावा ऐकू येतो. एका सुराची कंपने सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असतील, तर सेकंदाला दोन हेलकावे. सूर जवळ येतील तसा हेलकावा संथ होत जातो आणि जुळले की नाहीसा होतो. चौदा वर्षांच्या मुलालाही हे सांगावे लागत नाही, ऐकू येते. ट्रॉम्बोन आणि युफोनियमच्या मोकळ्या नळीचा सूरही काळी पाचच. फ्रेंच हॉर्नची पट्टी मात्र वेगळी, ती शिक्षकांना विचारून लावावी.

बाकी पथ्ये थोडी आहेत. जितके सेकंद वाजवले तितकेच सेकंद वाद्य ओठांवरून खाली. आवाज मृदू ते मध्यम. जोरात धरलेले लांब स्वर नवशिक्यासाठी नाहीत. ओठ बधिर वाटले, सूज जाणवली की त्या दिवसापुरते थांबायचे. दुखण्यावर मात करून वाजवणे ही मर्दुमकी नव्हे. आदल्या रात्री फेस्ताला चार-पाच तास वाजवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पाच-दहा मिनिटांचे अगदी हलके स्वर पुरेत. ओठ ताठरलेले असतात, ते त्याने सैल होतात. बँडमध्ये वाजवणाऱ्या कित्येक जणांना ही पाच मिनिटे कुणी कधी सांगितलेलीच नसतात. मिरवणूक संपली की वाद्य पेटीत, पुढच्या फेस्ताला बाहेर.

राहता राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचे, आवाज दाबणारे ‘म्यूट’ बाजारात मिळतात. रात्रीच्या सरावाला ते सोयीचे असतात, पण त्यांच्यामुळे हवेला वाढीव अडथळा होतो आणि सूरही बहुधा थोडा चढतो. म्हणजे दीर्घ स्वरात जे ऐकायचे तेच बदलून जाते. त्यामुळे ही वीस मिनिटे शक्यतो मोकळ्या वाद्यावरच व्हावीत. आमच्या वाड्यावर यावर तोडगा निघाला आहे. मुलाने साडेसहाला सुरू करायचे आणि सातच्या आत, देवळातल्या आरतीआधी, संपवायचे. गेल्या आठवड्यात तो पंचमावरून षड्जापर्यंत उतरला. सूर मिटवताना अजून थोडा खाली घसरतो. अंगणात बसलेले त्याचे वडील मग तोच स्वर हलक्या आवाजात गुणगुणून दाखवतात आणि आतून तो पुन्हा सुरू होतो.